एसी बदलण्याआधी घरखर्चाची वही उघडा



होळी झाली की आपल्या घरांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "या वर्षी तो जुना एसी बदलूनच टाकू." कधी मुलगा म्हणतो, कधी जावई, कधी सर्व्हिसला आलेला मिस्त्री. असं म्हणणाऱ्याच्या हातात घरखर्चाची वही बहुधा नसते. ती आपल्या हातात असते. चाळीस-पंचेचाळीस हजारांची वस्तू दोन दिवसांत भिंतीवर चढते आणि पुढे वर्षभर किराणा, मुलांची शिकवणी, सासूबाईंची औषधं यांची ओढाताण आपण करत बसतो.

सोन्याची साधी अंगठी घ्यायची तर आपण काय काय विचारतो! घडणावळ किती, घट किती, हॉलमार्क आहे का, मोडीला किती धरणार. चार सराफांकडे जाऊन येतो. त्याच पैशांचा एसी मात्र मिस्त्रीच्या एका वाक्यावर आणि दुकानातल्या "आज शेवटचा दिवस" या पाटीवर घरात येतो. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. दुरुस्त होण्यासारखा एसी बदलू नये. तो बदलायचाच असेल तर त्याचा हिशेब घरातल्या बाईने कागदावर मांडलेला असावा, आणि तो मांडेपर्यंत कोणीही दुकानात जाऊ नये. यात कंजूषपणा नाही. आपल्या घरात जे व्रत-नियम आपण मोठ्या श्रद्धेने सांगतो त्यांच्याशी इमान राखण्याचा हा भाग आहे.

"गॅस संपलाय, वहिनी"

एसी थंड करत नाही म्हणून मिस्त्रीला बोलावलं की तो बाहेरच्या युनिटला घड्याळ लावतो आणि म्हणतो, "गॅस संपलाय वहिनी. आता भरण्यात अर्थ नाही, मशीन जुनं झालंय. नवीनच घ्या."

इथेच थांबायचं. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत असतो. नळ्या शाबूत असतील तर दहा वर्षांनीही तो तेवढाच असायला हवा. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती शोधायची रीतही ठरलेली आहे. नळ्यांमध्ये नायट्रोजनचा दाब द्यायचा, सांध्यांना साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा कुठे येतो ते बघायचं. अनेकदा गळती नटाच्या सांध्यात निघते आणि तो सांधा नीट केला की काम होतं. कधी नळीला बारीक भोक असतं, ते ब्रेझिंग करून बुजवता येतं. पूर्ण कॉइल सडली असेल तर गोष्ट वेगळी. पण ती सडली आहे हे आधी दाखवा, असं आपण म्हणायला हवं. गळती न शोधता नुसता गॅस भरून जाणारा मिस्त्री आणि गळती न शोधता मशीन बदलायला सांगणारा मिस्त्री, दोघांनी काम केलेलंच नसतं.

शिवाय थंडावा कमी होण्याचं कारण दरवेळी गॅस नसतंच. आतली जाळी धुळीने बुजलेली असते. बाहेरच्या युनिटच्या पत्र्यांवर वर्षांची माती साचलेली असते. कपॅसिटर अशक्त झाला तर कॉम्प्रेसर नुसता घुरघुरतो आणि सुरू होत नाही. हा भाग काही शे रुपयांचा असतो. इन्व्हर्टर एसीत सर्किटचं कार्ड जळतं, ते महाग असतं, पण बऱ्याच ठिकाणी ते दुरुस्तही होतं. आणि हे कार्ड कशाने जळतं माहीत आहे? पुष्कळदा एखादी पाल किंवा मुंग्या आत शिरल्याने. भिंतीतून नळ्या जातात ते भोक नीट लिंपून घेतलं तर आपले पैसे वाचतात आणि तो जीवही वाचतो.

मिस्त्री "बदलूनच टाका" असं का म्हणतो? काही जणांना दुकानातून नव्या मशीनमागे काहीतरी मिळतं, हे उघड आहे. पण सगळा दोष त्याच्यावर ढकलून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. भर एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर बसून दोन-तीन तास गळती शोधायची मजुरी त्याने सातशे-आठशे रुपये सांगितली की आपणच म्हणतो, "नुसतं बघायचे एवढे?" पाचशेवर आणतो. तोच आपला हात दुकानात चाळीस हजार देताना जरा थरथरत नाही. आपल्याला वस्तूला पैसे देणं पटतं, माणसाच्या श्रमाला देणं पटत नाही. मग मिस्त्रीनेही ओळखलं आहे की या घरात श्रम विकले जात नाहीत, मशीन विकलं जातं. गळती शोधायची मजुरी त्याला पूर्ण द्या, बिल मागा आणि काय सापडलं ते लिहून घ्या. हजार रुपये गेले तरी ते चाळीस हजारांच्या निर्णयाचा पाया म्हणून गेले.

दुकानातला आकडा आणि घरातला आकडा

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ३५,००० रुपये धरली तर पूर्वी हातात पडणारी किंमत ४४,८०० होती, ती ४१,३०० झाली. साडेतीन हजारांची बचत झाली, चांगलंच आहे. पण त्यानंतर मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलं, "आता स्वस्त झालाय ना, मग बदलून घेतला." साडेतीन हजार वाचवायला एकेचाळीस हजार खर्चले! गरज नसताना घेतलेली वस्तू स्वस्त कशी असेल?

आणि ४१,३०० हा शेवटचा आकडा नाहीच. बसवण्याची मजुरी वेगळी. सोबत मिळणारी तांब्याची नळी बहुधा तीन मीटरच्या आसपास असते. बाहेरचं युनिट गच्चीवर असेल तर वरच्या प्रत्येक फुटाचे पैसे लागतात. नवं स्टँड, नवी ड्रेन नळी, भिंतीला नवं भोक, जुन्या मशीनचा उतरवायचा खर्च. जुन्या वायरिंगवर भार झेपत नसेल तर स्वतंत्र वायर आणि एमसीबी. हे सगळं मिळून पाचेक हजार सहज होतात. उलट बाजूला, जुन्या एसीचे एक्स्चेंजमध्ये दोन-अडीच हजार येतात. आणि तेही पुष्कळदा असे, की एक्स्चेंज नको म्हटलं तर दुकानदार तेवढीच सूट तसाही देतो. दोन्ही भाव विचारून बघा.

वॉरंटीचंही तसंच. "दहा वर्षं" असं मोठ्या अक्षरांत असतं ते बहुधा फक्त कॉम्प्रेसरला. कॉम्प्रेसर बदलून देताना लागणारा गॅस, मजुरी आणि वाहतूक कोणाची, कार्डाला किती वर्षं, कॉइलला किती, हे लहान अक्षरांत असतं. चष्मा लावून वाचा. दुकानदाराने घाई केली तर कागद घरी घेऊन या.

ताऱ्यांचा हिशेब

आता सगळ्यांत लाडका मुद्दा. "जुना एसी वीज खातो. पाच तारेवाला घेतला की बिलातच पैसे वसूल." हे वाक्य खरं आहे की नाही ते तुमचा एसी किती तास चालतो यावर ठरतं. दुकानात हे तास कोणी विचारत नाही.

ऊर्जा दक्षता ब्युरोचं जे लेबल एसीवर असतं त्यावरचा युनिटचा आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे, पुण्यात किती घरांत एसी एवढा चालतो? एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा, रात्री सात तास. पंचाहत्तर रात्री धरल्या तर ५२५ तास होतात. म्हणजे लेबलच्या एक तृतीयांश.

उदाहरणच मांडू. तुमचा दहा वर्षांचा दीड टनाचा एसी तासाला सरासरी १.२ युनिट घेतो आणि नवा ०.६ घेईल असं धरू. तासाला ०.६ युनिट वाचलं. ५२५ तासांत ३१५ युनिटं. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे असतात आणि एसीची युनिटं नेहमी वरच्या टप्प्यात पडतात. म्हणून सगळे आकार धरून युनिटला चौदा रुपये लावू. वर्षाची बचत ४,४१० रुपये. आता खर्च. ४१,३०० मशीन, ५,५०० बसवणं, त्यातून २,५०० जुन्याचे वजा. ४४,३००. भागाकार करा. पैसे फिटायला दहा वर्षं! तोवर "हा जुना झाला" म्हणणारा मिस्त्री पुन्हा दारात उभा.

याच हिशेबात तीन तारे आणि पाच तारे यांची तुलना करा. दोन्हींच्या लेबलांत १,६०० तासांमागे दोनशे युनिटांचा फरक असेल तर तुमच्या ५२५ तासांत तो सुमारे ६६ युनिटांचा होतो. वर्षाला नऊशेच्या आसपास रुपये. किमतीतला फरक आठ हजार असेल तर तो फिटायला साडेआठ वर्षं लागतात. आणि तारे काही आभाळातले नव्हेत, सरकारी तक्त्यातले आहेत. तो तक्ता बदलत राहतो. १ जानेवारी २०२६ पासून तो पुन्हा कडक झाला, त्यामुळे आधीच्या तक्त्यातला पाच ताऱ्यांचा एसी नव्यात खाली सरकतो. म्हणून ताऱ्यांखाली छापलेला काळ आणि युनिटचा आकडा बघायचा, नुसते तारे मोजायचे नाहीत.

हा हिशेब उलटाही फिरतो, तेही प्रामाणिकपणे सांगते. ज्यांच्याकडे वर्षभर, दोनशे रात्री, दहा-दहा तास एसी चालतो त्यांचे दोन हजार तास होतात. त्यांची वर्षाची बचत १६,८०० रुपये आणि तोच एसी पावणेतीन वर्षांच्या आत पैसे फेडतो. मुंबई-ठाण्याची उकाड्यातली घरं, दवाखाना, दुकानाची गादी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खोली, इथे जुना एसी ओढत राहणं हेच नुकसानीचं. माझे आकडे घेऊ नका. तुमचे तास, तुमचं बिल, तुमच्या दुकानाचा भाव घाला. गुणाकार-भागाकार चौथीत शिकलो आहोत.

आणि एक फुकटचा उपाय. पंखा मध्यम गतीवर ठेवून एसी २४ ऐवजी २६ अंशांवर लावा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरोच सांगतो. वरच्या उदाहरणातला जुना एसी हंगामात ६३० युनिटं घेतो, त्यातली पंचाहत्तर युनिटं दोन अंशांनी वाचली. हजार रुपये, एक पैसा न घालता. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात, तसा नियमच आहे. पण आपल्या घरात रिमोट हातात आला की पहिलं बोट १८ कडे जातं आणि मग सगळे पांघरूण ओढून झोपतात. पांघरुणासाठी वीज जाळायची, हा कुठला संसार?

"आपल्याला परवडतं ना!"

इथपर्यंत ऐकून एखादी भगिनी म्हणेल, "अहो, एवढा हिशेब कशाला? देवाच्या दयेने परवडतं." परवडतं, मान्य. पण परवडण्याची परवानगी आणि घेण्याची गरज यांत आपल्या धर्माने मोठी भिंत घातली आहे. परिग्रह परिमाण व्रत गरिबासाठी सांगितलेलं नाही. ज्याला परवडतं त्याच्यासाठीच ते आहे. ज्याच्याकडे काही नाही तो मर्यादा कशाला घालेल?

क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य अशी यादी आपण व्रत घेताना म्हणतो. साड्या मोजतो, दागिने मोजतो, भांडी मोजतो. भिंतीवरचे एसी मोजले आहेत का कोणी? आणि आपल्याकडे "बदलला" म्हणतात तेव्हा खरं काय होतं ते बघा. नवा दिवाणखान्यात लागतो. जुना चालू आहे म्हणून तो मुलाच्या खोलीत जातो. मुलाच्या खोलीतला आजेसासूबाईंच्या खोलीत. प्रत्येक हलवाहलवीचे तीन-चार हजार, गॅसचे वेगळे. काल घरात तीन होते, आज चार झाले. याला बदलणं म्हणत नाहीत, वाढवणं म्हणतात.

अनर्थदंडाच्या भेदांत प्रमादचर्या सांगितली आहे. विनाकारण जमीन खणणं, विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण अग्नी पेटवणं, विनाकारण वारा घालणं. पाठशाळेत हे पाठ करताना आपण हसलो असू, की वारा घालण्यात कसली हिंसा? आज रिकाम्या दिवाणखान्यात चालू असलेला एसी बघा. त्यात वाराही आहे आणि वीजघरात पेटलेला अग्नीही आहे. "विनाकारण" हा शब्द महत्त्वाचा. कारणाने केलेलं गृहस्थाला चालतं. कारण नसताना केलेलं चालत नाही. हा भेद करण्यासाठीच वही उघडायची आहे.

कापलेली नळी

जुना एसी भंगारवाला घेऊन जातो तेव्हा तुम्ही कधी शेजारी उभ्या राहिला आहात? तो पक्कड घेतो आणि तांब्याची नळी कापतो. फुस्स असा आवाज येतो. अर्ध्या मिनिटात संपतो. आपल्याला वाटतं हवा गेली.

ती हवा नसते. जुन्या एसीत बहुधा आर-२२ हा गॅस असतो. तो ओझोनच्या थराला इजा करतो, म्हणूनच १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगभरातून तो हद्दपार होतो आहे आणि आपल्या देशातही २०३० पर्यंत तो जायचा आहे. शिवाय हवेत उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या १,८१० पट आहे. एक किलो आर-२२ सोडणं म्हणजे पावणेआठशे लिटरहून जास्त पेट्रोल जाळण्याइतकं. आपली स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जात असेल तर तेवढ्या पेट्रोलवर पस्तीस हजार किलोमीटर जाईल. आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णतेच्या बाबतीत २,०८८ पट आहे. हल्लीच्या बहुतेक मशीनमधला आर-३२ या तिघांत बरा, तरी ६७५ पट.

पाणी गाळून पिणारे आपण. गाळलेल्या पाण्यातली जिवाणी परत जिथल्या तिथे सोडायला सांगणारा आपला धर्म. त्या घराच्या अंगणात अर्ध्या मिनिटात एवढं होतं आणि आपण आत चहा ठेवत असतो.

उपाय अवघड नाही. मशीन सुरू असताना मिस्त्री गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून झडपा बंद करू शकतो. याला ते पंप डाउन म्हणतात. उतरवताना ते करायलाच सांगायचं. नंतर मशीन गल्लीतल्या भंगारात न देता कंपनीच्या किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राच्या हाती द्यायचं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत एसी येतो आणि तो परत घेऊन नीट मोडण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारवाला पाचशे रुपये जास्त देईल. ते पाचशे सोडायची तयारी ठेवा. पर्युषणात क्षमा मागताना सगळ्या जीवांना आपण हात जोडतो, त्यांच्या वाटणीचे पाचशे म्हणा.

एक सावधगिरी आणखी. आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये "नवा गॅस भरून देतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. आर-३२ ला दाब जास्त लागतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. जुन्या मशीनसाठी तो बनलेला नाही.

गीझरचंही तेच

थंडीत हीच गोष्ट गीझरची. पाणी तापायला वेळ लागतो म्हणून गीझर बदलला जातो. बोअरच्या जड पाण्याने आतल्या हीटरवर क्षाराचा जाड थर बसलेला असतो, एवढंच कारण असतं. थर काढून घ्या, हीटर किंवा थर्मोस्टॅट बदला, टाकीतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर तीही बदला. टाकीच फुटून गळत असेल तर मात्र नवा घ्या. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला जेमतेम ०.६ युनिट लागतं. त्यामुळे ताऱ्यांपेक्षा बटण वेळेवर बंद करणं जास्त वाचवतं.

गच्चीवरच्या सोलरच्या दोन काचनळ्या फुटल्या म्हणून अख्खी यंत्रणा काढून तिथे वीज गीझर लावलेली घरं मी पाहिली आहेत. शंभर लिटरचा सोलर ऊन असलेल्या दिवशी चार युनिटांचं काम फुकट करतो. फुटलेली नळी बदला आणि यंत्रणा ठेवा.

खोटा त्यागही नको

आता दुसऱ्या टोकाबद्दल, कारण माझा लेख दाखवून कोणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उन्हात होरपळत ठेवू नये. कारंजा, वाशिम, अकोला, नागपूरकडच्या भगिनींना मे महिना काय असतो ते मी सांगायला नको. पंचेचाळीस अंशांत ऐंशी वर्षांच्या माणसाचं शरीर स्वतःला थंड ठेवू शकत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तर आणखी त्रास होतो. तिथे "आपल्या धर्मात सुखसोयी वर्ज्य" असं म्हणणाऱ्याने आधी स्वतः दुपारी त्या खोलीत बसून दाखवावं. त्याग स्वतःचा करायचा असतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या त्यागाला छळ म्हणतात. आणि गंमत अशी, की ज्या घरात आजींच्या खोलीला "कशाला एसी?" असं विचारलं जातं, त्याच घरात पाहुण्यांसाठी दिवाणखान्यात नवा येतो. घरात एकच यंत्र घ्यायचं असेल तर ते सर्वांत अशक्त माणसाच्या खोलीत लागलं पाहिजे. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

विदर्भाच्या कोरड्या हवेत साधा कूलर अजूनही उत्तम काम देतो, तोही एसीच्या किमतीच्या लहान हिश्शात. फक्त त्याच्या टाकीतलं पाणी आठवड्याला काढून टाकी कोरडी करा. डासांच्या अळ्या होऊच न देणं हे नंतर औषध फवारण्यापेक्षा कितीतरी बरं. गच्चीला उन्हाळ्याआधी चुना दिला तर वरच्या मजल्याच्या खोल्या चांगल्याच निवतात.

सभागृहातले एसी

आपल्या संस्थांबद्दलही बोललंच पाहिजे. स्वाध्याय भवनाला, मंगल कार्यालयाला एसी देणारे दाते मिळतात. दात्याचं नाव संगमरवरावर कोरलं जातं. त्या एसीच्या वार्षिक सर्व्हिसला मात्र कोणी दाता मिळत नाही, कारण सर्व्हिसची पाटी लागत नाही. मग चार-पाच वर्षांत मशीन बंद पडतात आणि पुन्हा नव्या एसींसाठी बोली लागते. महाराज स्वतः पंखा वापरत नाहीत. समोर बसून अपरिग्रहावर प्रवचन ऐकणारे आपण सोळा अंशांत शाल गुंडाळून बसतो. महिला मंडळांनी एक ठराव करावा. संस्थेला यंत्र देणाऱ्याने दहा वर्षांच्या देखभालीची रक्कमही सोबत द्यावी. नसेल तर यंत्र नको.

दुकानात जाण्याआधी

वहीच्या एका पानावर एवढं लिहा:

१. बिघाड नेमका काय? कोणी, कशाने तपासला? लेखी आहे का?
२. दुरुस्तीचा खर्च किती? दुसऱ्या मिस्त्रीने किती सांगितला?
३. हा एसी वर्षाला किती तास चालतो? नव्याने किती युनिटं वाचतील, किती वर्षांत पैसे फिटतील?
४. बसवण्यासकट पूर्ण खर्च किती? तो कुठून येणार, आणि त्यासाठी कोणाचा कोणता खर्च कापला जाणार?
५. जुना घरातून जाणार की दुसऱ्या खोलीत? जाणार असेल तर कुठे, आणि त्यातल्या गॅसचं काय?
६. नवा कोणाच्या खोलीत लागणार?

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त, मशीन दहा वर्षांचं, त्यात आर-२२ आणि कॉइल गेलेली, असं एकत्र आलं तर खुशाल बदला. मनात किंतु ठेवू नका. पण मग घाई मे महिन्यात करू नका. तेव्हा मिस्त्री मिळत नाही, भाव चढलेले असतात आणि बाहेरच्या युनिटमागे चिमणीने किंवा पारव्याने घरटं केलेलं असतं. मिस्त्री ते काडीकचऱ्यासारखं ओढून खाली टाकतो, अंड्यांसकट. आपल्या घरात हे होता कामा नये. दिवाळीनंतर, कार्तिक-मार्गशीर्षात हे काम काढा. मिस्त्रीला वेळ असतो, तो गळती शांतपणे शोधतो. आधी युनिटमागे डोकावून बघा. घरटं असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा, ती काही महिनोन्महिने राहत नाहीत. यंत्राला पंधरा-वीस दिवस उशीर झाल्याने कोणाचं काही अडत नाही.

आणि घरात कोणी म्हणालं, "तुला काय कळतं यातलं?", तर वरच्या सहा प्रश्नांची उत्तरं त्यांना विचारा. ती येईपर्यंत कपाटाची किल्ली आपल्याकडे ठेवा.

जय जिनेंद्र.